आंबूस हात

"अक्का, हे कुणाकडून लागलेलं नाही. हे तुम्ही स्वतःच करून घेतलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धुळ्याच्या दवाखान्यात त्यांच्या टेबलावर माझे दोन्ही हात उताणे ठेवले होते. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. तळव्यांची सालं निघत होती आणि मधेमधे पाणी सुटत होतं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, कॉन्टॅक्ट डर्माटायटिस. म्हणजे एखादी गोष्ट कातडीला सारखी लागत राहिली की येणारी सूज. माझ्या बाबतीत ती गोष्ट होती जंतुनाशक. पाण्यात टाकलं की पाणी दुधासारखं पांढरं करणारं ते औषध, त्याच्या जोडीला ब्लीचिंग पावडर आणि कार्बोलिक साबण.

हात हे माझं दुकान. नवरा गेल्यावर त्याच हातांनी कुरडया, पापड, शेवया करून मी मुलगी वाढवली, तिचं लग्न केलं. बाजारात माझ्याशी घासाघीस करून जिंकलेला माणूस मला अजून भेटायचाय. म्हणून डॉक्टरीणबाईंशीही मी तेच केलं.

"जंतुनाशक बंद म्हणजे एकदम बंद? दिवसातून दोनदा तरी?"

"एकदाही नाही."

"मग भांड्यांना? ओट्याला?"

"अक्का, हा भाजीबाजार नाही. मी भाव कमी करणार नाही."

मग त्यांनी समजावलं. आपल्या कातडीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंची वस्ती असते. त्याला नॉर्मल फ्लोरा म्हणतात. ते आपले राखणदार. "तुम्ही रोज औषध ओतून ती वस्ती उठवता, वर कातडीही जाळता. रिकाम्या घरात मग चोर शिरतात." मी मान डोलावली. मनात म्हटलं, शिकलेल्या बाईच्या गोष्टी आहेत. जंतू कधी राखणदार असतात का?

मी जंतुनाशकाच्या एवढी मागे का लागले होते, ते सांगायला हवं.

सुनंदाच्या लग्नात रुखवत मी एकटीनं केलं होतं. कुरडयांची उतरंड उभी केली होती, एकीवर एक, मांडवाच्या खांबाला टेकेल एवढी. माझ्या विहीणबाई जळगावच्या. त्यांनी वरची एक कुरडई मोडली, नाकाशी नेली आणि चार बायकांत म्हणाल्या, "जरा आंबूस वास येतो, नाही? आमच्याकडे एवढा चालत नाही." बायका हसल्या. मी मुलीची आई, गिळून बसले. पण त्या दिवसापासून माझ्या घरात आंबूस वास राहू दिला नाही. पिंपं ब्लीचिंगनं, ओटा फिनेलनं, हात जंतुनाशकानं. एकदा धुतले तरी वास येतोच आहे असं वाटायचं. मग पुन्हा.

डॉक्टरांचं मलम मी लावलं, पण बाटली सोडली नाही. सुनंदा पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिच्यासमोर धूत नव्हते, मोरीचं दार लावून धूत होते. थोड्याच दिवसांत उजवा हात सुजला. चिरांतून पू आला, काखेत गाठ आली, ताप चढला. सेकंडरी इन्फेक्शन, म्हणजे आधीच फाटलेल्या कातडीत बाहेरच्या जंतूंनी केलेला शिरकाव. मला दवाखान्यात ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "चोर शिरले, अक्का."

दोन्ही हातांना बँडेज. मला माझी वेणी घालता येईना, घास तोंडात नेता येईना. नववा महिना लागलेली सुनंदा दम खात जिना चढून यायची आणि मला वरणभात भरवायची. मी तोंड फिरवलं तर दरडावायची. "आई, भाव करू नको. एवढा घास घे." आयुष्यभर मी तिला जे बोलले, ते सगळं तिनं त्या खाटेशी मला परत दिलं.

तिला कळा सुरू झाल्या तेव्हा मी वरच्या वॉर्डात सलाइनला बांधलेली. खाली ती बाळंत झाली. आपल्या लेकीच्या पहिल्या बाळंतपणात आईनं काय करायचं असतं, ते मी सगळं खाटेवर पडून मनातल्या मनात केलं. संध्याकाळी एक नर्स दुपट्यात गुंडाळलेली नात घेऊन वर आली. मी हात पाठीमागे घेतले. तिनं बाळ माझ्या गालाला लावलं. मला तेवढंच मिळालं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई जळगावहून आल्या. माझ्या बँडेजकडे बघत खाटेपासून लांबच उभ्या राहिल्या.

"विहीणबाई, वाईट वाटून घेऊ नका. पण हे असं घरात असताना सून आणि लेकरू तुमच्याकडे कसं ठेवायचं? दवाखान्यातून सुटली की मी तिला जळगावला नेते."

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. ते मोडून नेणार म्हणजे गावभर काय बोललं जाणार, ते मला दिसत होतं. डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं की मूळ आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही, फक्त पू आहे तोवर बाळाला हात लावायचा नाही. तरी विहीणबाई ऐकेनात. मग मी सौदा केला. बाळाला न्हाऊ घालायला बाई ठेवते, मी शिवणारही नाही. सव्वा महिन्यानं तुम्ही न्यायला या. तेव्हाही माझे हात असेच असतील, तर पुढे कधी लेकराला हात लावायला मागणार नाही.

बोलून गेले, आणि रात्रभर बँडेजकडे बघत जागी राहिले.

घरी आलो. पू थांबला, पण चिरा मिटेनात. पाळणा हलवायचा तर मी पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून घ्यायची. दुसऱ्या खोलीतून नात न्हाताना रडली की माझे तळवे खाजायचे. हात बसले तरी धंदा बसवून चालणार नव्हता. चैत्र सुरू होता, कुरडयांचा हंगाम. कामाला येणाऱ्या बायकांना मी खाटेवरून हुकूम सोडत होते: पिंप आधी ब्लीचिंगनं धुवा, मगच गहू भिजवा.

कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो. रोज पाणी बदलतात. तिसऱ्या दिवशी आंबट वास सुटतो आणि दाणा चिमटीत दाबला की दुधासारखा चीक बाहेर येतो. या वेळी तिसरा दिवस गेला, चौथा गेला. वास नाही, चीक नाही. दाणा तसाच चिवट. पाचव्या दिवशी गहू बुळबुळीत होऊन सडला.

माझं डोकं फिरलं. बँडेज बांधलेल्या हातांनी मी गव्हाच्या दुकानात गेले आणि भर गिऱ्हाइकांत व्यापाऱ्याला धरलं. "नाना, जुना गहू गळ्यात मारला ना माझ्या? बाई आजारी बघून?"

नाना कधी चिडत नाहीत. ते घरची अहिराणी बोलले. "अक्का, त्याच पोताना गहू मना घरमा भिजाडेल शे. चाला, देखा." त्याच पोत्यातला गहू त्यांच्या घरी भिजत होता, आणि घर दुकानामागेच. त्यांच्या बायकोनं मातीच्या माठावरचं फडकं काढलं आणि तो वास आला. माझ्या आईच्या घरचा, माझ्या सगळ्या उन्हाळ्यांचा. तिनं दाणा दाबला, चीक तिच्या बोटावर आला.

नाना म्हणाले, "गहूमा काही खोट नही. तुमना पिंपमा काय टाकेल शे, ते देखा."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. गहू आंबतो तो कशानं? इतकी वर्षं माझं पोट ज्याच्यावर चाललं, तेच मी पिंपातून धुऊन काढलं होतं. राखणदार गेले आणि गहू सडला. आणि माझे हात?

दवाखान्यात जाऊन मी डॉक्टरीणबाईंना पिंपाची गोष्ट सांगितली. त्या इतक्या हसल्या की बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. म्हणाल्या, "मी एवढं शिकून जे तुम्हाला पटवू शकले नाही, ते पिंपानं पटवलं." ताकात, चिकात असतात त्या जंतूंचं नाव त्यांनी सांगितलं, लॅक्टोबॅसिलस. आंबटपणा तयार करून ते वाईट जंतूंना पाय रोवू देत नाहीत.

मी लगेच विचारलं, "मग हातांना ताक लावू?"

"अजिबात नाही. उघड्या जखमेवर मलम सोडून काहीही नाही. तुमचे राखणदार आपोआप परत येतील. तुम्ही फक्त त्यांना हाकलू नका."

माझ्यासारखे हात असलेल्यांनी हे नीट ऐकावं. मी काही जादू केली नाही. बाटल्या टाकल्या. नुसत्या कोमट पाण्यानं हात धुतले, टिपून कोरडे केले, सांगितलं तेव्हा मलम लावलं आणि धीर धरला. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. पिंपं साध्या पाण्यानं विसळून उन्हात घातली. पुढचा गहू आंबला. त्याचं आंबट पाणी पूर्वी आई करायची तसं ओट्यावर आणि पितळेच्या भांड्यांवर फिरवायला लावलं, मग साध्या पाण्यानं पुसून घेतलं. घराला पुन्हा घराचा वास आला.

चिरा मिटल्या. खाली नवी कातडी आली, लहान मुलासारखी गुलाबी. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "जा, न्हाऊ घाला."

सव्वा महिन्यानं विहीणबाई आल्या, तेव्हा मी पाटावर पाय पसरून बसले होते आणि नात माझ्या पायांवर पालथी होती. ती रडली नाही. पाणी पाठीवरून गेलं तशी सुस्कारा टाकून गप्प पडून राहिली. पुसून, दुपट्यात गुंडाळून मी तिला विहीणबाईंकडे दिलं, आणि मग न विचारता दोन्ही तळवे पुढे केले.

त्यांनी ते पाहिले. एका मिटलेल्या चिरेवरून हळूच बोट फिरवलं. म्हणाल्या, "फार सोसलंत." मला त्यांच्याकडून भांडण हवं होतं, हे नको होतं. डोळे भरून आले.

मग त्यांनी नातीला छातीशी धरलं, तिच्या मानेच्या वळीत नाक खुपसलं आणि डोळे मिटले.

"आई गं," त्या म्हणाल्या, "काय गोड आंबूस वास येतो लेकराला."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं माझ्या जिभेवर काय आलंय. मी उठले, आत गेले आणि जळगावला द्यायला नव्या कुरडयांची पाटी बांधायला घेतली. राग अजून आहे, खोटं कशाला बोलू? फक्त तो हातांवर काढायचं सोडलंय.