खिडकीच्या सीटवरचा मारुती

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू फुटतं, आणि मागोमाग एका म्हाताऱ्या गुरवाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. तेव्हा मी सुलतानपूरकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना जवळच्या एका गावचे सरपंच निम्मं गाव घेऊन आत घुसले.

"साहेब, आमचा मारुती चोरीले गेला!"

वेशीबाहेरच्या पारावरची शेंदराची मूर्ती, कडेवर घेता येईल एवढी. संशय सगळ्यांचा एकावरच, रोज पूजा करणाऱ्या गुरवावर. "याले अटक करा. मारुती नाही सापडला तर पूजा दुसऱ्याले देऊ," सरपंचांनी सुनावलं. बापजाद्यांपासूनची पूजा जाणार म्हणून गुरव कोपऱ्यात अंग चोरून उभा. माझा अनुभव असा की सराईत चोर पोलिसाच्या डोळ्यांत डोळे घालून शपथा घेतो. निर्दोष माणूस तेवढा बावचळतो. याला तर भीतीनं स्वतःचं वयही सांगता येईना. मी गुन्हा अज्ञात इसमावर नोंदवला. गाव माझ्यावर चिडलं. चिडो बापडं!

खबर आणली पुण्याच्या ट्रॅव्हल्सवरच्या क्लीनरनं. "साहेब, एका म्हाताऱ्यानं गाठोड्यासाठी खिडकीची सीट घेतली होती. रस्ताभर त्याले शाल पांघरून राह्यला होता. म्या म्हणलं डिक्कीत टाका, तं अंगावरच धावला! पुण्यात कारखान्यांमागच्या गल्लीपाशी उतरला."

ओळख पटवायला गुरवाला सोबत घेतलं आणि आम्ही पुणं गाठलं. कारखान्यांमागच्या त्या गल्लीत शिरलो आणि चक्रावलोच. गच्चीच्या कठड्यांवर ज्वारीचे पापड वाळताहेत, टपरीवर ठेचा-भाकर मिळतेय, जो तो 'काऊन बे' करून हाका मारतोय. झाडाला जागा नाही, म्हणून पठ्ठ्यांनी विजेच्या खांबाभोवतीच सिमेंटचा पार बांधलेला! आणि त्या पारावर, ताज्या हारात, आमचा मुद्देमाल.

गाठोडंवाला म्हातारा समोरच बसला होता. तरुणपणी मारुतीच्याच गावातून येऊन इथल्या कारखान्यात राबलेला.

"कोणी आणला?" मी दरडावलं.

"म्या आणला."

"म्हणजे चोरी कबूल?"

"चोरी काऊन म्हणता साहेब? उद्या पोरीचं लग्न हाये. आपल्याकडं नवरदेव आधी मारुतीच्या पारावर बसते, मंग मांडवात येते. इथं हॉलसमोर गाडीतून उतरते अन् डायरेक्ट स्टेजवर! लग्न हाये का सत्कार?"

"पुण्यात मारुतीची देवळं कमी आहेत का?"

"ते त्यायचे मारुती. आमच्या पोरीले वळखत नाहीत."

मी गुरवाकडे वळलो. आता गुरव रडेल किंवा शिव्या तरी देईल, असं मला वाटलं. त्यानं मूर्तीवरून बोट फिरवलं आणि कडाडला, "शेंदूर तेलात कालवतेत बे! पाणी घातलं का?" मग बाह्या सारून स्वतःच कामाला लागला.

जप्तीचा पंचनामा मी अक्षता पडल्यावर केला. पंच म्हणून वऱ्हाडातलीच दोन माणसं मिळाली, तीही जिलेबी खाऊन पेंगुळलेली.

मूर्ती गावात पोचली तेव्हा वेशीत ही गर्दी! सरपंच गुरवाला म्हणाले, "बुवा, आमचं चुकलं. पूजा तुमचीच. पण त्या चोट्ट्याले गावात पाय ठेवू देणार नाही."

ठाण्यात ज्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, तो गुरव ताडकन म्हणाला, "त्यानं घरोघरी फिरून आवतन देल्लं होतं. गावातून लग्नाले कोण गेलं सांगा? एकटा मारुती गेला."

'अप्रामाणिक हेतू दिसून येत नाही' असा अहवाल मी कोर्टात पाठवला आणि तपास बंद झाला. अमका गाव सोडून गेला, असं आपण सहज म्हणतो. मी दोन्हीकडचे जबाब घेतलेत. त्या म्हाताऱ्यानं गाव कधी सोडलंच नव्हतं. गावानं मात्र त्याला केव्हाच सोडलं होतं.