कलकत्त्यातली आजारी आई

ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या बाईंना मी फसवलं. त्यांनी मला नाही. साऱ्या बाजाराला मी उलटंच सांगत आलो. खरं आज पहिल्यांदा लिहितो आहे.

माझा धंदा संत्र्यांचा. डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केलेली, त्यामुळे दुकानात फोन आला तेव्हा केवढा तोरा! पण नुसता फोन असून काय? कलकत्त्याचा भाव विचारायला कॉल नोंदवायचा आणि बसायचं. साधा कॉल सगळ्यात मागे, अर्जंट त्याच्या पुढे, कितीतरी पट पैशांचा लाइटनिंग सगळ्यांच्या डोक्यावर. बडे व्यापारी लाइटनिंग लावून भाव कळताच माल उचलत, आणि मी रिसीव्हरकडे बघत चरफडत असे. तो राग अजून गेलेला नाही — पण पुढे केलं त्याला ती सबब नाही.

आजारपणाचा कॉल साधा असला तरी त्या बाई आपल्या मनानं पुढे घेत. मला हे कळलं, आणि मी — मी कलकत्त्यात एक आई आजारी पाडली. माझी आई इथे घरात भाकरी थापत होती. हंगामभर हेच चाललं.

मग एके दुपारी शेजारचा शिंपी वासुदेव धावत आला. जबलपूरला त्याचा भाऊ अखेरच्या घटका मोजत होता, शुद्धीवर होता, एकदा बोलायचं म्हणत होता. वासुदेवनं माझ्याच फोनवरून कॉल नोंदवला आणि गोंधळून माझ्याकडे बघितलं.

"दादा, काहून भडकली ही बाई? म्हणते, या नंबरवर रोजच कोणी ना कोणी मरून राहिलं. पाळी आली की देईन."

रिसीव्हर घेऊन एवढंच बोलायचं होतं — बाई, आधीचं खोटं, हे खरं. पण दुकानात दोन दलाल बसले होते. त्यांच्यासमोर?

"थांब गा, लागते," म्हणालो, आणि संत्री निवडत राहिलो. चांगली कुठली, सडकी कुठली, काही दिसत नव्हतं.

लाइन लागली तेव्हा पलीकडे वासुदेवची वहिनी रडत होती.

दुसऱ्या दिवशी मी एक्स्चेंजवर जाऊन आरडाओरडा केला. वासुदेवसाठी? नाही. बाईंनी आधी तोंड उघडलं तर, या भीतीनं. मरणाचा कॉल अडवल्याची तक्रार मीच लिहून दिली. बाईंची बदली झाली. वासुदेव माझा हात धरून म्हणाला, "माझ्यासाठी तुम्हीच भांडले, दादा." मी हात सोडवून घेतला नाही.

बाईंना जाब द्यावा लागला. मला कुणी विचारलंच नाही. वासुदेव, तुझं दुकान अजून माझ्या शेजारीच आहे. ये, आणि विचार.