आधी काटा, मग खुर्ची

"आधी काटा, मग खुर्ची."

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरांचं हे पहिलं वाक्य. नमस्कार वगैरे नंतर, वेळ उरला तर. रोगी गाल धरून विव्हळत असला तरी डॉक्टर बोट करायचे ते रस्त्यापलीकडच्या आमच्या राइस मिलकडे. तिथे धानाच्या तोलाईवर मी होतो. माणूस तोलायचा, मण-शेर चिठ्ठीवर लिहायचे आणि त्याला परत पाठवायचं, हे काम मिलच्या मालकाने मला सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि त्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती.

आमचं गाव गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजूचं, आठवडी बाजाराचं. डॉक्टर आले तेव्हा स्वराज्य नवं होतं आणि त्यांचं औषधही नवं होतं. छोट्या बाटलीत पाण्यासारखं दिसणारं. दाढ काढायची असो, गळू फोडायचं असो, विळ्याने कापलेला हात शिवायचा असो, आधी तिथे हे टोचायचं आणि जागा बधिर करायची. त्यापूर्वी आमच्याकडे दाढ काढायची पद्धत सोपी होती. बाजारात एक पक्कडवाला बसायचा. दोघांनी रोगी धरायचा, तिसऱ्याने ओढायचं. त्याला वजनाची गरज नव्हती, रोग्याच्या संमतीचीही नव्हती. त्यामुळे लोकांना तो फार माहितगार वाटायचा.

डॉक्टरांबद्दल मात्र शंकाच शंका. एक पोवार पाटील काट्यावर चढायला तयारच होईनात. "मी का धानाचा पोता आहो? मले कायले तोलून राहिले?"

मी म्हटलं, "डॉक्टरांचा हुकूम आहे, पाटील."

"दाढेचं वजन करा म्हना. बाकीचा मी कायी काढाचा नाई."

शेवटी चढले. पागोटं काढायला नकार दिला, म्हणून पागोट्याचं वजन मी अंदाजाने वजा केलं. चिठ्ठीवर तसं प्रामाणिकपणे लिहिलं. डॉक्टरांनी चिठ्ठी परत पाठवली. मागे एकच ओळ होती : अंदाज घरी ठेवा.

याच पाटलांचा पुढचा प्रसंग गावाने बरेच दिवस चघळला. सुई भरताना डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, फक्त बधिर करतो." पाटलांनी ऐकलं 'बहिरं'. दाढ काढायला कान कशाला बहिरे करायचे, हे त्यांना कळेना, पण विचारणार कसं? सुई टोचल्यावर डॉक्टर नेहमीप्रमाणे समोर बसले. ओठ जड वाटतात का, जिभेला लोखंडासारखी चव लागते का, कानात काही वाजतं का, हे त्यांचे तीन प्रश्न. तिसऱ्या प्रश्नाला आणि आमच्या मिलच्या दुपारच्या भोंग्याला एकच मुहूर्त लागला.

"वाजून राहिला न बाप्पा! भोंगाच वाजून राहिला! केले न मले बहिरा?"

डॉक्टरांनी त्यांना तत्काळ आडवं पाडलं, पाय उशीवर घेतले आणि नाडी धरून बसले. भोंगा थांबला, पाटील उठले, दाढ निघाली. त्या दिवसापासून भोंग्याच्या वेळा दवाखान्याच्या भिंतीवर टांगल्या गेल्या.

एवढं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. डॉक्टर सुईचा दट्ट्या जरासा मागे ओढून दाखवत म्हणाले, "इथे रक्त दिसलं तर सुई शिरेत आहे. तसंच दाबलं तर हे औषध दाढेऐवजी डोक्यात आणि काळजात जातं. आणि शिरेबाहेर दिलं तरी मापाबाहेर गेलं की तेच. आधी कान वाजतात, मग आकडी येते, मग आपण नातेवाइकांशी बोलायला बाहेर जातो." शेवटचं वाक्य त्यांनी दट्ट्याकडे पाहूनच म्हटलं.

आता माझी गोष्ट. ती टाळता आली असती तर टाळली असती.

माझ्या बायकोची दाढ सुजली. चार दिवस तिने सांगितलं नाही आणि चार दिवस मला दिसलं नाही. पाचव्या दिवशी तिला दवाखान्यात बसवून मी चिठ्ठी आणायला मिलमध्ये गेलो. तिला सोबत नेलं नाही. काट्याभोवती दहा हमाल, त्यांच्यासमोर घरच्या बाईला पोत्याच्या जागी उभं करायचं? मी चिठ्ठीवर स्वतःच लिहिलं : एक मण दहा शेर, म्हणजे पन्नास शेर. आकडा खोटा नव्हता हो. काटेवाला खोटा आकडा लिहीत नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून सुई भरली. मग तिचं मनगट धरलं, आणि धरूनच राहिले. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"काटेबाबू, हे वजन कुणाचं?"

"हिचंच."

"कधीचं?"

बायको गाल धरून म्हणाली, "पोरगी झाली तवाचं असन. नवस फेडाले गुळात तोललं होतं न मले."

पोरगी आता अकरा वर्षांची झाली होती.

"असं का," डॉक्टर म्हणाले. "मग सुई गुळालाच देऊ."

आणि भरलेली सुई त्यांनी माझ्यासमोर मोरीत रिकामी केली.

तिला घेऊन मी आणि डॉक्टर मिलमध्ये गेलो. मी ज्या हमालांना घाबरलो होतो, त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने काट्यावर स्वच्छ बारदान अंथरलं आणि बाकीच्यांना म्हणाला, "तिकडं पाहा रे." दहाही जणांनी पाठ फिरवली. मी वजनं टाकत गेलो, मग काढत गेलो. बारदान वजा जाता छत्तीस शेर. मी काटा तपासला. काटा बरोबर होता.

"चिखलात अनवाणी धानाची रोवणी करते, पोटात जंत आहेत, अंगात रक्त नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही रोज पोत्यातला ओलावा किती घटला ते सांगता. घरातलं चौदा शेर घटलं, ते?" मग आवाज उतरवून म्हणाले, "मी एकदा अंदाज केला होता. असंच बारीक माणूस होतं. अंदाज पाच-सहा शेरांनीच चुकला."

बाहेर जाऊन नातेवाइकांशी कोण बोललं होतं, ते मला तेव्हा समजलं.

दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा बसला. जंतांचं औषध, लोहाच्या गोळ्या, आणि दर बाजाराच्या दिवशी काटा. चप्पल मी त्याच आठवड्यात आणली. शहाणपण एवढं तरी सुचलं. त्रेचाळीस शेर झाल्यावर डॉक्टरांनी सुई भरली, दट्ट्या मागे ओढून पाहिला, औषध अगदी हळू दिलं आणि समोर बसले.

"जिभेला लोखंडाची चव लागते का?"

"तुमच्या गोळ्यांनी चार महिने तीच लागून राहिली," ती म्हणाली. "आजची कोनती आन् कालची कोनती, मी कशी सांगू?"

हा प्रश्न त्यांच्या विद्येत नव्हता. ते तिचा हात धरून बराच वेळ नाडी मोजत राहिले, मग हसले. त्यांना हसताना गावाने किती वेळा पाहिलं असेल? मी दोनदा.

तीन वर्षांनी ते गेले. रोगी तपासता तपासता खुर्चीतच मान टाकली, एवढंच. गावाने हळहळून सांगितलं की माणूस चांगला होता, फक्त जरा वेडा होता.

त्यांच्या जागी गोंदियाहून नवे डॉक्टर आले. त्यांच्या पहिल्याच महिन्यात बायकोची दुसऱ्या बाजूची दाढ दुखायला लागली. आम्ही गेलो. नव्या डॉक्टरांनी तिच्याकडे टेबलापलीकडून एक नजर टाकली, "बैठो बाई," म्हणाले आणि सुई भरायला घेतली.

मी विचारलं, "वजन?"

"होगा एक मण, सवा मण. क्या फरक पडता है?"

मी काही बोलायच्या आत बायको खुर्चीतून उठली होती. पदर सारखा केला, चपला पायात घातल्या आणि बाहेर पडली. "बड़े शक्की लोग हैं यहाँ के," असं मागून ऐकू आलं. गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात माणसं तोलायचा काटा होता; तिकडच्या गाडीला दोन तास अवकाश होता. सुजलेला गाल तळहाताने धरून ती स्टेशनच्या रस्त्याने पुढे चालली होती, मागे वळून न पाहता. आणि मी तिच्या मागे.