मास्कबाहेरचं गाव

आमच्या बुलढाण्याच्या ऑफिसात तेव्हा एकच कॉम्प्युटर होता. त्याला वेगळी खोली, खिडक्यांना जाड पडदे, आणि आत जाताना चपला बाहेर काढायची सक्ती. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी पुस्तक वाचून यंत्र चालवू शकेल अशी, म्हणून मला तिथे बसवलं. मला ते बरंच वाटलं. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नसे.

काम घाटाखालच्या खारपाणपट्ट्याचं होतं. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या सखल भागात विहिरींना पाणी आहे, पण खारट. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, आणि वर्षानुवर्षं तेच पिणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडतात. सातपुड्याच्या पायथ्याचं गोडं पाणी नळाने या गावांना द्यायचं, अशी योजना होती. कोणत्या गावांना द्यायचं, ते आमच्या नकाशावरून ठरणार होतं.

प्रत्येक गावातल्या एका विहिरीचं पाणी तपासून येई आणि त्यातल्या क्षारांचा आकडा मी कॉम्प्युटरला देत असे. सगळा भाग बारीक चौकटींमध्ये मांडलेला होता. जिथे विहीर नाही त्या चौकटीचा आकडा यंत्र आजूबाजूच्या विहिरींवरून अंदाजाने भरायचं. मग मी मास्क केला. ठरलेल्या मर्यादेहून खारट चौकटी उघड्या ठेवायच्या, बाकी सगळ्या झाकायच्या. रांगोळीचा छापा असतो तसंच हे. भोकं असतील तिथेच रंग पडतो. मास्क लावला की माणसं किती, पाणी किती लागेल, नळ कुठून जाईल, ही पुढची सगळी गणितं उघड्या चौकटींपुरतीच होत. झाकलेल्या चौकटीत शून्यसुद्धा नसतं. तिथे काहीच नसतं.

पडद्यावर मास्क उमटला तेव्हा खारपाणपट्टा एका पिवळ्या सलग पट्ट्यासारखा दिसला. त्याच्या मधोमध एक काळा, म्हणजे झाकलेला, गोल होता. मी जुना नकाशा शेजारी धरून पाहिलं. गोलाच्या बरोबर मध्यावर माझ्या मावशीचं गाव होतं.

त्या गावात मी लहानपणापासून सुट्टीला जात होते. तिथल्या पाण्याने न्हाल्यावर माझे केस काथ्यासारखे होत. आणि त्या वर्षी मावशीचे यजमान, आमचे काका, अंथरुणाला खिळले होते. पाय सुजलेले, सकाळी उठले की डोळेही उघडत नसत. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोडं पाणी द्या, तेवढंच आता हातात आहे. माझा मावसभाऊ डोंगराकडच्या गावातून सायकलला दोन कॅन बांधून पाणी आणायचा. नळ आला असता तर काकांना थोडे अधिक दिवस मिळाले असते, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

नमुने गोळा करणारे सहायक चिखलीचे, घाटावरचे. त्यांना मी विचारलं.

“मॅडम, त्या गावचं पानी म्याच आनलं. प्यालो बी. गोडच व्हतं बाप्पा!”

“विहिरीतून तुम्हीच काढलं का?”

“ऊन काय व्हतं ते तुमाले काय सांगू. एका बाईनं बसाले देल्लं, चहा देल्ला, बाटलीबी तिनंच भरून देल्ली. मोठी देवमानूस.”

साहेब पुण्याचे होते. त्यांच्यासमोर उभं राहिलं की माझं मराठी अडखळत असे आणि इंग्रजी तर बाहेरच येत नसे. तरी गेले.

“आकडा चुकीचा आहे असं कशावरून म्हणता?”

“माझी मावशी राहते तिथे, सर.”

“मावशी हा पुरावा नाही हो,” ते हसले. “नवा नमुना आणा, बघू.”

रविवारी मी एसटीने गेले. मावशी दारातच होती.

“आली काय व माय! एकटीच? वाळून खारीक झाली. इंग्रजी शाळेत जेवाले शिकवलं नाई काय तुले?”

मी बाटली काढली आणि कशासाठी आले ते सांगितलं. तिचा हात कमरेवर तसाच राहिला.

“ते पानी म्याच देल्लं,” ती म्हणाली. “माठातलं.”

त्या घरात, खरं तर त्या गावातल्या प्रत्येक घरात, एक लहान माठ वेगळा असे. त्यात बाहेरून आणलेलं गोडं पाणी, पाहुण्यांसाठी. पाहुण्याला खारं पाणी देणं म्हणजे घराची लाज. आता तो माठ काकांचाही होता.

“पण मावशी, त्यांनी तपासणीला नेतो असं सांगितलं होतं ना?”

“सांगतलं व्हतं. म्हनूनच तं देल्लं! तपासनी म्हनल्यावर गाव नापास करू काय? खाऱ्या पान्याचं गाव म्हनून आधीच कोनी पोरगी देत नाई इथं. तुया भावाच्या दोन सोयरिकी मोडल्या. मले वाटलं, सरकारी कागदावर तरी आपलं पानी गोडं लागलं पायजे.”

आतून काकांचा बारीक आवाज आला. “मंग पास झालो ना आपुन? पेढे आन म्हना तिले.”

मावशी हसली नाही. मीही नाही. मी स्वतः पोहरा सोडून विहिरीचं पाणी बाटलीत भरलं.

आकडा आला तो शेजारच्या गावांपेक्षाही जास्त होता. साहेबांनी तो दोनदा पाहिला. म्हणाले, दोन नमुन्यांपैकी एक खोडायचा तर कारण लागेल. पहिलं पाणी त्या विहिरीचं नव्हतं, हे देणाऱ्या बाईने पंचांसमोर सांगायला हवं. त्याशिवाय ते मास्कला हात लावू देणार नव्हते.

मी गावी जाऊन हे सांगितलं, तेव्हा काका ऐकूनच उखडले. “नाई जायाचं. गाव तिले जगू देनार नाई.”

“तुमाले जगवाचं हाये ना?” मावशी म्हणाली आणि डोक्यावर पदर घेतला.

पंचायतीच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली. बायका लांब, कडुलिंबाखाली. मावशी खाली पाहत बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. ती थांबल्यावर एक जण म्हणाला, “म्हंजे गावाचा नळ तुया माठानं अडवला म्हन की!” काही जण हसले. लिंबाखालच्या बायका मात्र हसल्या नाहीत. त्या उठून निघून गेल्या. मावशीने अंगठा दिला नाही, चौथीपर्यंत शिकली होती, सही केली. सहायक मान खाली घालून कागदावर लिहीत राहिले. मी तिच्याजवळ उभी होते.

सोमवारी मी पहिला आकडा खोडून दुसरा घातला. यंत्राने चौकटी पुन्हा भरायला दुपार घेतली. मग काळा गोल गेला आणि पट्टा सलग पिवळा झाला. मी त्याची छापील प्रत साहेबांसमोर ठेवली.

त्यांनी ती नीट पाहिली. चष्मा काढून डोळे चोळले.

“तुमचं बरोबर होतं,” ते म्हणाले. “पण आधीच वर पाठवलेला पहिला मास्क गेल्या आठवड्यात मंजूर झाला. नळाची लांबी, टाकीचं माप, सगळं त्यावर बसवलंय. एक गाव आत घेतलं तर सगळं पुन्हा करावं लागेल. दुसऱ्या टप्प्यात घेऊ.”

“दुसरा टप्पा कधी, सर?”

“ते माझ्या हातात असतं तर मी सांगितलं असतं.”

ते खोटं बोलत नव्हते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याचा काही उपयोग नव्हता.

मी पुन्हा गावी गेले. मावशी चुलीपाशी होती. तिला सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, “मंग मी ओट्यावर बोलली ते वाया गेलं काय?” मी म्हटलं, दुसऱ्या टप्प्यात गाव आहे. टप्पा म्हणजे काय, ते तिने विचारलं नाही. म्हणाली, “त्याइले तूच सांग. मले नाई होनार.”

काका जागे होते. मी सांगितलं.

“विहिरीवर तिच्याशी कोनी बोलत नाई आता,” ते म्हणाले. “भल्या पहाटे जाते, बाया यायच्या आदी. ते दिसते काय तुया मशिनीत?”

मी म्हटलं, नाही.

काका पुढचा उन्हाळा लागायच्या आत गेले. त्यानंतर नळाचं खोदकाम सुरू झालं. चर शेजारच्या गावापर्यंत सरळ आला आणि तिथून नकाशाप्रमाणे वळला. मावशी एकदा चालत जाऊन तो पाहून आली, असं मावसभावाने सांगितलं.