रिकाम्यावर अडलेला काटा

आमच्या घरात पदवीधर झालेला मी पहिला. वडील इचलकरंजीत मागावर होते. त्यामुळे चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा नावापुढे बी.ई. लिहायची एकही संधी मी सोडत नसे. काम होतं गाड्यांच्या डॅशबोर्डवरचे मीटर तपासायचं. मोबाइलवर फक्त बोलता यायचं, तेव्हाची ही गोष्ट.

माझे घरमालक तंजावरकडचे मराठी, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना मी मामा म्हणे, त्यांच्या पत्नीला मामी. दोघांचं मराठी जुन्या वळणाचं, वर तमिळचा हेल. मामांकडे त्यांच्या वडिलांची पन्नास वर्षांची मोटार होती. इंजिन ठणठणीत, पण पेट्रोलचा काटा वर्षभर ‘रिकामी’वरून हलत नव्हता. मामा टाकीत बांबूची काडी घालून अंदाज घ्यायचे. एकदा अंदाज चुकला आणि मामींना रेशमी साडीत, भर उन्हात मैलभर चालावं लागलं. आता कांचीपुरमला भाच्याचं लग्न आलं होतं. वडिलांच्या गाडीतून जोडीने जायचं, असं मामांच्या मनात. मामींनी मात्र बसच्या वेळा विचारून ठेवल्या होत्या.

“काटा हालला तर मी बसतें,” त्या म्हणाल्या. “नाही तर तुम्ही आणि तुमची गाडी.”

मामा माझ्याकडे बघत तमिळ लकबीत म्हणाले, “घरात इंजिनियर ठेवून बसनं जायचं, पा?”

साहेबांना विचारून मी तो मीटर कारखान्यात नेला. लोखंडी स्टँडवर आवळला, बॅटरी जोडली. टाकीच्या जागी विजेला कमीजास्त अडवणारा रेझिस्टन्स बॉक्स लावला. बटण फिरवलं की काटा रिकामी, अर्धी, भरलेली असा शहाण्यासारखा फिरे. ‘मीटर उत्तम’ असं कागदावर लिहून मी खाली सही केली. पुढे बी.ई. लिहिलंच.

लग्नाच्या सकाळी मीटर गाडीत बसवला. मामांनी किल्ली फिरवली. काटा रिकाम्यावर, ढिम्म.

मामींनी माझा कागद नीट वाचला. “कागदावर हालतोय की. मग कागदावर बसून जा दोघं!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीटर काढून व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवला, गाडीच्या बॅटरीवरून एक आणि टाकीकडून एक, अशा दोन वायरी आणल्या. तिथेही हलेना. कालचा शहाणा काटा आज असा का वागतोय? टेबलावरून हात फिरवता फिरवता लक्षात आलं: टेबल लाकडी आहे. कारखान्यातला स्टँड लोखंडी होता, बॅटरीची दुसरी वायर त्यालाच जोडलेली. वीज मीटरच्या पत्र्यातून स्टँडवाटे बॅटरीकडे परतत होती. लाकडातून ती परतणार कशी?

“मामा, डॅशबोर्ड पहिल्यापासून सागवानीच?”

“नाही हो. पत्रा गंजला म्हणून गेल्या वर्षी सुताराकडून नवा केला. बघा, पॉलिश कसं आलंय!”

वीज आली की तिला परतायलाही वाट लागते, ही गोष्ट कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. मी मीटर पुन्हा गाडीत बसवला, हातभर वायर घेतली, एक टोक मीटरच्या पत्र्याला, दुसरं गाडीच्या बॉडीला. मामांनी किल्ली फिरवली. काटा उठला आणि पावावर थांबला.

“पाव?” मामी गाडीच्या खिडकीतून आत वाकल्या. “काल तर अर्धी भरली म्हणालात.”

“अर्धीच आहे. ह्याचा मीटर चुकतोय.”

मामींनी स्वतः काडी घेतली, टाकीत घातली, वर काढून मामांच्या नाकासमोर धरली. ओल पावापर्यंतच होती.

“अय्यो, मीटर खरा निघाला,” मामी म्हणाल्या, आणि आत जाऊन नव्या साडीची पिशवी घेऊन आल्या. पुढचं दार उघडून ऐसपैस बसल्या. “आधी पेट्रोल, मग कांची. इंजिनियर, तू मागे बस.”

पंपावर टाकी भरली. तिथून कांचीपुरमपर्यंत मामा रस्ता बघत होते, मामी काटा.