गोदामाकडचं वळण

रजियाने दोन वर्षं खपून बनवलेलं छोटं रेल्वे स्टेशन तिचा नवरा तय्यब टेम्पोतून उतरवत होता. तेवढ्यात किशनराव लगबगीने पुढे आले.

"तय्यबभाई! काय हात हाय हो तुमचा! फोटोत बघितलं होतं, पण प्रत्यक्षात लई भारी हाय."

फळीचं एक टोक तय्यबच्या हातात होतं, दुसरं रजियाच्या. रजियाला वाटलं, आता हा म्हणेल, माझं न्हाई, हिचं हाय. तय्यब नुसता हसला. "बस्स साहेब, तुमची मेहेरबानी," म्हणाला आणि चालू लागला. दुसरं टोक हातात असल्यामुळे रजियाला त्याच्या मागे जावंच लागलं.

नांदेडच्या त्या मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं गोलाकार मांडली होती. किशनराव रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी छोट्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्यांचा एक ग्रुप जमवला. नांदेड, परभणी, लातूर, सगळीकडची माणसं. प्रत्येकाने घरी एकेक फळी बनवायची, तिच्यावर रूळ, स्टेशन, पूल, जे हवं ते. आज पहिल्यांदाच सगळ्या फळ्या एकमेकींना जोडून एक मोठा गोल होणार होता, आणि दुपारनंतर लोक बघायला येणार होते. कार्यालयाच्या दाराला तसा बॅनरही लावला होता.

रजियाचं माहेर उदगीरजवळ रेल्वे फाटकाशेजारी. वडील फाटकावर होते. लहानपणी मालगाडी थांबली की ती एकेका डब्याखाली वाकून चाकं बघायची आणि अब्बांच्या शिव्या खायची. लग्न होऊन उदगिरातच आली. तय्यबचं मोटर वायंडिंगचं दुकान. पंपाच्या मोटरी, पंखे, मिक्सर. तारा गुंडाळायचं काम रजिया घरी बसून करायची. एकदा भंगारात पडलेल्या डीव्हीडी प्लेयरची बोटाएवढी मोटर तिच्या हाताला लागली. तिने ती पुठ्ठ्याच्या डब्याखाली बसवली, बॅटरी जोडली, आणि डबा फरशीवरून पलंगाखाली पळाला. त्या दिवशी भाजी करपली.

मग गच्चीवरच्या खोलीत हळूहळू उदगीरचं एक कल्पनेतलं स्टेशन उभं राहिलं. रूळ मागवले, बाकी सगळं घरचं. जावा हसायच्या. "लेक जेबा मोठी झाली, आता आई खेळून राहिली," म्हणायच्या. तय्यब हसायचा नाही आणि काही म्हणायचाही नाही. चहा घ्यायला वर यायचा, घेऊन खाली जायचा.

ग्रुपमध्ये यायचं ठरलं तेव्हा तय्यबच म्हणाला होता, "सगळे गडीमाणसं हायेत. माझ्या नंबरावरूनच ऱ्हा." रजियाला ते तेव्हा पटलं. तिने दोन वर्षं मेसेज लिहिले ते फार जपून. 'करते' लिहायचं नाही, 'करतो' तर नाहीच नाही. 'रूळ बसवले', 'छप्पर झालं', 'मला असं वाटतं' एवढंच. कुणाला कधी शंका आली नाही. शंका यावी असं कुणाच्या मनातही नव्हतं.

हॉलमध्ये तिने फळी क्लॅम्पने आवळली, खाली वाकून तारा जोडल्या. येणारे जाणारे तय्यबला विचारत होते. छप्पर कशाचं केलं, पोती कशाची. तय्यब म्हणायचा, "असंच, घरातलंच काहीतरी." छप्पर गोळ्यांच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाचं होतं, कंगव्यावर दाबून त्याला पत्र्यासारख्या पन्हळी पाडल्या होत्या. पोती जुन्या ओढणीची, एकेक शिवलेली. स्टेशनाच्या बाजूला धान्याचं गोदाम होतं आणि सगळी माणसं त्या गोदामापाशीच थांबत होती. एकाने रजियाला विचारलं, "भाभी, पाणी कुठं ठेवलंय?" तिने बोट दाखवलं.

शेजारची फळी दयानंदची. लातूरला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान. त्याची ही पहिलीच फळी, साधी, दोन झाडं आणि एक विहीर. तो सारखा घाम पुसत होता. "बरोबर बसलीय ना, भाभी?" त्याने दोनदा विचारलं. इतरांना विचारायला तो लाजत असावा.

सगळ्या फळ्या जोडून झाल्यावर किशनरावांनी स्वतःची गाडी रुळावर ठेवली. निळ्या डब्यांची लांब पॅसेंजर. एकेक डबा हातभर लांब नसला तरी रजियाच्या ठेंगण्या मालडब्यांपेक्षा दुपटीने लांब. गाडी निघाली. लोक टाळ्या वाजवायला सरसावले. पुलावरून आली, दयानंदची विहीर ओलांडली, रजियाच्या फळीवर शिरली आणि गोदामापाशी तिसरा डबा रुळावरून उतरला. मागचे दोन त्याच्यावर चढले.

 तो का उतरला ते रजियाला त्याच क्षणी कळलं.

किशनरावांनी ग्रुपमध्ये आधीच सांगून ठेवलं होतं की वळण मोठं ठेवा, लांब डबे येतील. तिने ते वाचलं होतं. पण तसं वळण घेतलं तर गोदामाला जागा उरत नव्हती. गोदाम आधी झालं होतं आणि ते तिच्या जिवाचं झालं होतं. म्हणून तिने रूळ आत ओढून घेतले, वळण आवळलं. पुठ्ठ्याचा एक लांब डबा करून हाताने ढकलून बघितला, तो गेला. वेगात जाईल का, हे तिने बघितलंच नाही. बघायची भीती वाटली होती.

"सांध्यात गडबड हाय," कुणीतरी म्हणालं. "दयानंद, तुझी फळी खाली बसलीय."

दयानंदने घाईघाईने खाली कागदाच्या घड्या सारल्या. गाडी पुन्हा सोडली. पुन्हा तिथेच, आणि या वेळी शेवटचा डबा फळीवरून सरळ फरशीवर पडला. त्याची एक बाजू फुटली. किशनरावांनी तो उचलला, उलटा करून फुटलेली बाजू बोटाने चाचपली. 

"तय्यबभाई, तुम्ही सांगा," एकजण म्हणाला. "तुम्ही जाणकार. वळण तुमचं बरोबर हाय ना?"

तय्यबने फळीकडे बघितलं. रजियाकडे बघितलं नाही. "माझं वळण बरोबर हाय," तो म्हणाला. "ह्यांची फळी वाकडी हाय."

"मग काढा ती, बाकीच्या सरकवून जोडू," किशनराव थकल्यासारखे म्हणाले. "दयानंद, वाईट वाटून घेऊ नको. लोक यायची वेळ झाली. पुढल्या खेपेला बघू."

दयानंद मान खाली घालून क्लॅम्प सोडवू लागला. त्याचा स्क्रू ड्रायव्हर दोनदा घसरला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रजियाने तय्यबच्या बाहीला हळूच हात लावला. त्याने हात बाजूला घेतला.

"थांबा," ती म्हणाली.

आवाज फार बारीक निघाला. कुणी ऐकलं नाही. मग ती मोठ्याने म्हणाली, "काढू नका ती फळी! त्यांची फळी सरळ हाय. वळण चुकलंय. मीच चुकवलंय."

सगळे वळून बघायला लागले.

"गोदाम बसावं म्हणून मी वळण आवळलं. लांब डबा तिथून जात न्हाई. मला माहीत होतं." तिने गोदामावर बोट ठेवलं. "हे सगळं मी बनवते. हे न्हाईत बनवत."

मागून कुणीतरी हसलं. "नवऱ्याची चूक अंगावर घेऊन राहिली बाई."

त्यावर दोघे-तिघे हसले, वाईट हेतूने नाही, बाई चांगली आहे असं म्हणावं तसं. रजियाला वाटलं होतं, खरं बोललं की निदान खरं तरी मानतील. तेही होत नव्हतं. किशनराव तय्यबकडे वळले. "तय्यबभाई, काय भानगड हाय?"

तय्यबच्या कपाळावरची शीर फुगली होती. त्याने फळीवरच्या गोदामाकडे बघितलं. मग म्हणाला, "मला काय विचारता? तिला विचारा." आणि तो हॉलच्या बाहेर निघून गेला. चपला दारात वाकड्यातिकड्या पडल्या होत्या, तशाच पायात अडकवल्या.

आता कुणी हसलं नाही. किशनराव खुर्चीवर बसले. "दोन वर्षं मी ज्यांच्याशी बोलून राहिलो, ते तुम्ही?"

"हाव."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

 "सांगितलं असतं तर तुम्ही एवढं बोलला असता का?" रजियाने विचारलं.

किशनरावांनी गुडघ्यावरचा फुटका डबा उलटासुलटा केला. ते प्रामाणिक माणूस असावेत. "माहीत न्हाई," ते म्हणाले. "आता काय करायचं ते बोला. तुमची फळी वळणाची, ती काढली तर गोल जुळत न्हाई."

"वळण बाहेर घ्यावं लागेल."

"बाहेर तर गोदाम हाय."

"हाय," रजिया म्हणाली आणि पिशवीतून कटर काढला.

गोदाम तिने पक्कं चिकटवलं होतं. कटर पायाखाली सरेना. तिने दोन्ही हातांनी धरून ओढलं तेव्हा एक भिंत हातात आली आणि चांदीचं छप्पर चेपलं. पोती इकडेतिकडे उडाली.  एकजण म्हणाला, "अहो, नीट काढा, वाया जाईल." ती नीट काढायला गेली असती तर लोक दारात आले असते.

जुने रूळ उपटले, फळी घासली, नव्याने वळण आखलं. रूळ वाकवताना दुसरं टोक कुणीतरी दाबून धरायला हवं होतं. दयानंद आला. काही न बोलता त्याने अंगठ्याने टोक दाबलं. सांधा जोडायच्या सोल्डरचा एक तापलेला थेंब त्याच्या नखाजवळ पडला तरी त्याने हात हलवला नाही. "भाजलं का?" तिने विचारलं. "न्हाई न्हाई, तुम्ही करा," तो म्हणाला. भाजलं होतं.

बाहेर पोरांचा गलबला ऐकू येऊ लागला. बॅनर बघून शाळेची मुलं आली होती. कुणीतरी दार लोटून घेतलं. किशनरावांनी उरलेल्या डब्यांची गाडी लावली आणि वेग न वाढवता सोडली. ती दयानंदच्या विहिरीजवळून आली, वळणावर शिरली. रजियाने डोळे मिटले नाहीत. डबे डुलले आणि पुढे गेले. दुसऱ्या फेरीला किशनरावांनी वेग वाढवला. तरी गेले.

टाळ्या झाल्या नाहीत. सगळेच दमले होते. दार उघडलं आणि मुलं आत घुसली. गोदामाच्या जागी गोंदाचा पांढरा डाग होता. तो कुणाला दिसत नव्हता, सगळे गाडीच्या मागे पळत होते.

संध्याकाळी तय्यब टेम्पोत बसलेला होता. फळी चढवायला दयानंदने मदत केली.  वाटेत लोह्याला तय्यबने टेम्पो रस्त्याकडेच्या हॉटेलपाशी थांबवला, दोन चहा आणले, एक तिच्या खिडकीतून आत दिला.

"सगळ्यांसमोर," तो म्हणाला. "घरी येऊन बोलली असतीस."

"घरी येईपर्यंत त्या माणसाची फळी काढली असती."

"ते झालं. पण मी खोटा पडलो."

"तुम्ही सकाळीच पडला होता. फळी हातात होती तेव्हा."

 रस्त्यावरून एसटी गेली, धूळ उडाली, तय्यबने ग्लासावर हात धरला. मग तो म्हणाला, "वीस वर्षं मोटरी भरून राहिलो. कुणी असं कधी म्हणलं न्हाई मला, काय हात हाय म्हणून. मोटर चालली की पैसे देऊन जातात. आज तो माणूस म्हणला आणि मला बरं वाटलं. तोंडातून निघालंच न्हाई, तुझं हाय म्हणून."

रजियाला या उत्तराची अपेक्षा नव्हती. तिला त्याचा राग सोडवेना आणि धरवेनाही. "आणि मला?" ती म्हणाली. "त्या मोटरीत निम्म्या तारा माझ्या हातच्या. मला कधी कोण म्हणलं? तुम्ही म्हणला?"

तय्यबने ग्लास धुवायच्या बादलीत ठेवला आणि गाडी सुरू केली.  

किशनरावांनी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर रजियाचं नाव लिहून तिचा स्वतःचा नंबर घेतला. फुटक्या डब्याची बाजू तिने पातळ सनबोर्ड शीटची करून पाठवून दिली. दोघाजणांनी तेव्हापासून तिच्या फोटोंवर काही लिहिणं सोडलं. बाकीचे 'रजियाताई' म्हणू लागले. पुढचा गोल लातूरला झाला तेव्हा ती एसटीने गेली, फळी दयानंद येऊन घेऊन गेला. तय्यब म्हणाला, दुकान बंद ठेवता येत न्हाई. तिनेही आग्रह केला नाही.

घरात मात्र बरेच दिवस दोघं कामापुरतंच बोलत होते. बाहेरगावी शिकणारी जेबा सुट्टीला आली तेव्हा तिलाही ते जाणवलं.

एका दुपारी लाईट गेली म्हणून तय्यब दुकानातून घरी आला आणि चहा घ्यायला वर आला. रजिया सायकलच्या चाकाच्या आऱ्यांचा एक पूल जोडत होती. तो ग्लास घेऊन नेहमीसारखा वळला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"हे मधे आडवं का लावलंस?" त्याने विचारलं.

रजियाने मान वर केली. गच्चीवरच्या खोलीतल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न होता. ती थोडी अवघडली. मग तिने आडवा आरा बोटाने दाबून दाखवला, तो नसला तर वजन आल्यावर पूल कुठे वाकेल ते सांगू लागली. तय्यब चौकटीला टेकून ऐकत होता. खालून घरातला पंखा फिरू लागल्याचा आवाज आला, लाईट आली होती. तो लगेच खाली गेला नाही.