अक्काच्या नावावरची हजेरी

जमादार म्हणाला, “आधी आंगण झाडा. मग बघू काय हरवलंय ते.”

माय आणि मी तालुक्याच्या ठाण्यासमोर उभ्या होतो. चार कोस चालत आलो होतो, माय तापातच. माझी मोठी बहीण सुमन आदल्या दिवशी दुष्काळी कामावरून परत आली नव्हती. मी तिला अक्का म्हणायचे. ती सतरा-अठराची, मी बारा-तेराची.

मायनं कोपऱ्यातला खराटा उचलला. लिंबाखालचा पाचोळा, विड्यांची थोटकं, पिंका पडलेली माती, सगळं झाडलं. मी हातानं कचरा गोळा करून उकिरड्यावर नेला. पाण्याचा थेंब न बघितलेली जमीन. धुरळा इतका उडाला की मायचे डोळे लाल झाले. व्हरांड्यातले दोन शिपाई बघत बसले होते. एकानं झाडलेल्या जागेवर परत पिंक टाकली.

मग जमादारानं बोलावलं. पायरीच्या खालीच थांबायला सांगितलं.

“जात?”

“बौद्ध,” माय म्हणाली.

“म्हंजे आधीचे कोण?”

माय खाली बघत राहिली. शिपाई हसले. पोरगी दिसायला कशी, असं त्यानं विचारलं. मायनं सांगितलं, उंच हाय, सावळी हाय, कपाळावर लहानपणी पडल्याची खूण हाय. तो ऐकता ऐकताच कान कोरत होता.

“तुमच्यातल्या पोरी पळत्यातच,” तो म्हणाला. “त्याला हरवणं म्हणत न्हाईत.”

तरी त्यानं एक कागद लिहिला. वाचून दाखवला नाही. मायच्या अंगठ्याला शाई लावली आणि कागदावर दाबला. अंगठा कुठं पुसावा म्हणून माय इकडंतिकडं बघायला लागली. तो म्हणाला, “डोक्याला पूस.” मायनं अंगठा केसाला पुसला.

मी सहावीत होते. मला वाचता येत होतं. पण तो कागद मला कुणी दिला नाही, आणि मी मागितला नाही. वाटेत माय म्हणाली, “झाडलं तर झाडलं. कागूद तर झाला.”

आमचं गाव अहमदपूर आणि नांदेडच्या मधल्या माळावरचं. बाप साप चावून गेलेला. घरात आम्ही तिघी. त्या साली विहिरींचे तळ दिसत होते, पेरलेलं उगवलं नव्हतं आणि सगळा गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. शेतवाले, बिनशेतवाले, सगळे एकाच ढिगावर. दुपारी सुकडी मिळायची. पिवळी, गोडसर. आम्ही त्यावर जगलो.

दुष्काळानं सगळ्यांना एका ढिगावर बसवलं, पण पाण्यापाशी नाही. टँकर येऊन बॅरल भरून जायचा. गावातल्या बाया बॅरलमधून आपल्या हातानं पाणी घ्यायच्या. आम्ही लांब ओंजळ धरून बसायचं. कामावरच्या मुकादमाच्या माणसाला सवड झाली की तो वरून ओतायचा. सवड झाली नाही तर नाही.

एके दिवशी शाळेला सुट्टी म्हणून मीही कामावर गेले होते. अक्का उठली. सरळ गेली, बॅरलमध्ये तांब्या बुडवला आणि उभी राहून प्याली. हातोड्यांचा आवाज बंद पडला. मुकादम धावत आला. पाणी बाटवलं म्हणाला. अक्कानं तोंड पुसलं आणि सांगितलं, “टँकर सरकारचा हाय. तुमच्या आडातलं न्हाई प्याले.”

मग तिनं तांब्या परत भरला आणि मला आणून दिला. ते पाणी गरम होतं, त्याला डिझेलचा वास होता. मी भीत भीत प्याले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बाया आपल्या हातानं पाणी घेऊ लागल्या. मुकादम फक्त अक्काकडं बघायचा.

आठ-दहा दिवस गेले. माय तापानं घरी पडली होती. मी शाळेत गेले होते. अक्का एकटी कामावर गेली आणि आली नाही. संध्याकाळी मी पळत गेले तर तिचं भाकरीचं फडकं खडीवर तसंच होतं. गाठ सुटलेली नव्हती. कुणी म्हणालं रानाकडं गेली असंल. कुणी म्हणालं ट्रकच्या ड्रायवरशी बोलत व्हती. मुकादम म्हणाला, मी काय पोरींची राखण करायला बसलोय का?

ठाण्यावरून आल्यावर दोन दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी कामावरच्या हजेरीचं मस्टर लिहिणारा कारकून दारात आला. मला म्हणाला, बारकं पोर कामावर घेता येत न्हाई, पण बहिणीच्या नावावर येत जा. नाव पुकारलं की हाजर म्हणायचं. मायनं माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. पोटात आग होती. मी गेले.

पहिल्या सकाळी त्यानं पुकारलं, “सुमन.” सगळ्या बाया खाली बघत होत्या. मी म्हणाले, “हाजर.”

चार महिने मी रोज हाजर म्हणाले. अक्काचा हातोडा मी वापरला, अक्काचं पोलकं बाह्या दुमडून घातलं. नंतर नंतर कुणी सुमन म्हणून हाक मारली की मी आपोआप मागं वळायचे. एकदा घरीही वळले. मायनं शेजारणीला अक्काविषयी काही सांगताना नाव घेतलं आणि मी ओ दिली. माय उठली, माझ्या दोन्ही दंडांना धरलं आणि म्हणाली, “तू सुमन न्हाईस. सुमन येणार हाय.” मग मला जवळ घेऊन खूप वेळ बसली.

मला अक्काची आठवण यायची तसा तिचा रागही यायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. वाटायचं, ओंजळ धरली असती तर काय बिघडलं असतं? आजवर सगळ्यांनी धरलीच की. आपली बहीण ताठ उभी राहून पाणी प्याली याचा राग मला आला होता. मुकादमाचा नाही. तिचा. माझ्या डोक्यात हे कुणी घातलं हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

काम संपलं तशी मी परत शाळेत गेले. एका गुरुजींनी भर वर्गात विचारलं, तुझी बहीण कुणाबरोबर पळाली ते कळलं का. पोरं हसली. मी पाटी उचलून घरी आले. दुसऱ्या दिवशी माय मला घेऊन लातूरला गेली आणि आमच्या समाजाच्या बोर्डिंगात टाकून आली. तिथं मी मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले. लातूरच्या स्टँडवर गाडी लागली की मी उतरणाऱ्या बायांच्या कपाळाकडं बघायचे. आमच्या गावावरून येणारी नांदेडची गाडी असली तर जरा जास्त. ही सवय मोडली नाही.

मग लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, उस्मानाबादहून ट्रक भरभरून आलेली दप्तरं. माणसं लागत होती. मला कारकुनाची जागा मिळाली. गठ्ठे सोडायचे, नोंदी करायच्या, परत बांधायचे. नोकरी अजून पक्की नव्हती, पण मायला माझ्याजवळ आणलं होतं. ती शेजाऱ्यांना सांगायची, माझी एक लेक कचेरीत हाय, एक येणार हाय.

एका दुपारी माझ्या टेबलासमोर पांढऱ्या कपड्यातला माणूस येऊन बसला. तोच मुकादम. आता मोठा ठेकेदार झाला होता, सगळे त्याला साहेब म्हणत होते. त्याची फाइल माझ्याकडं होती. त्यानं मला ओळखलं नाही. गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं आणि मग त्याचा चेहरा पालटला. लगेच हसला.

“अस्सं,” म्हणाला. “तुझी बहीण तोंडाची लई तिखट होती.”

होती.

दहा वर्षांत अक्काबद्दल कुणी होती म्हणालं नव्हतं. पळाली म्हणाले, गेली म्हणाले, कुठंतरी असंल म्हणाले. होती असं कुणीच म्हणालं नव्हतं. मी त्याच्याकडं बघत राहिले. त्यानं फाइलचं काम तिथंच टाकलं आणि चहाला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी मायला घेऊन त्याच ठाण्यावर गेले. जमादार कधीचा बदलून गेला होता. नवे फौजदार होते, तरुण. त्यांनी आम्हाला खुर्ची दिली. माय बसली नाही. मी म्हणाले, बस. ती कडेला टेकली. फौजदारांनी जुनं दप्तर काढायला लावलं. दोन तासांनी तो कागद सापडला. त्यांनी तो माझ्यापुढं सरकवला.

“काय लिवलंय?” मायनं विचारलं.

मी वाचलं. माझी मुलगी सुमन ही स्वखुशीने निघून गेली आहे. आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. खाली मायचा अंगठा.

मायनं कागदावरच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “मी असं म्हणले न्हवते.” परत म्हणाली, “मी असं म्हणले न्हवते, साहेब.” ज्या कागदावर दहा वर्षं तिनं भरवसा ठेवला, ज्याच्यासाठी अंगण झाडलं, तो कागद तिच्याच विरुद्ध होता.

फौजदार वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. नुसता हा कागद असता तरी चाललं असतं, म्हणाले, पण मघाशीच तुम्ही दुष्काळी काम म्हणालात. उद्या समोरचा वकील मस्टर मागवील. त्यात तुमची बहीण पुढं चार महिने हजर दिसली तर? हरवलेली बाई हजर कशी?

मला माहीत होतं. त्या मस्टरचा गठ्ठा मी कचेरीत आधीच सोडून बघितला होता. सुमनच्या नावापुढं ओळीनं हजेरीच्या फुल्या. एकही दिवस खाडा नाही.

“ती मी होते,” मी म्हणाले.

ते म्हणाले, असं लिहून दिलं तर खोट्या नावानं काम केल्याचं तुम्हीच कबूल केल्यासारखं होतंय. नोकरी नवी आहे. आईला सांभाळायचंय. परत एकदा विचार करा.

मी मायकडं बघितलं. ती खुर्चीच्या कडेलाच होती, पडेल की काय अशी. मला बॅरलपाशी उभी अक्का दिसली. तिनं तेव्हा विचार केला नसेल असं थोडंच आहे? आपलं काय होईल हे तिला माहीत होतं. माहीत असून ती प्याली, आणि दुसरा तांब्या मला दिला. माझ्यातला तिच्यावरचा राग त्या दिवशी त्या खोलीत संपला.

“कागद द्या,” मी म्हणाले. “मी स्वतः लिहिते.”

तीन पानं लिहिली. बॅरल, मुकादम, फडकं, अंगण, अंगठा, हजेरी. काही वगळलं नाही. खाली माझ्या नावाची सही केली. मग ती तीन पानं मायला मोठ्यानं वाचून दाखवली, आणि तिनं हाव, बरोबर हाय म्हणल्यावर तिचा अंगठा घेतला. फौजदारांनी अंगठा पुसायला आपला रुमाल पुढं केला.

ही गोष्ट गावात पोचली तशी हौसाबाई लातूरला आली. आमच्या शेजारच्या ढिगावर खडी फोडायची ती. आमच्यातली नव्हती. दारात उभी राहून तिनं मायला सांगितलं, मुकादमानं सुमनला ट्रकमधी बसवताना मी बघितलं. तुझी माय लई आजारी पडली, नांदेडच्या दवाखान्यात नेलीय, असं तो तिला म्हणाला. ट्रक हदगावकडं, कालव्याच्या कामावर चालला व्हता. तवा बोलले असते तर माझी सुकडी बंद झाली असती.

माय तिला शिव्या देईल असं मला वाटलं. माय म्हणाली, “आता साहेबाम्होरं सांगशील का?”

हौसाबाईनं सांगितलं. सही केली.

पुढं काय झालं तेही सांगते. मुकादमाला ठाण्यावर बोलावलं, बसवलं, सोडलं. तो सुटला तेव्हा लोक हार घेऊन आले होते. ट्रकचा ड्रायवर मेलेला निघाला. हदगावकडं मी स्वतः तीनदा गेले, कालव्याच्या कडेच्या वस्त्या पालथ्या घातल्या. एका म्हातारीला कपाळावर खूण असलेली पोर आठवत होती. ट्रकमधून उतरत न्हवती, एवढंच ती म्हणाली. कचेरीनं खोट्या हजेरीबद्दल माझ्याकडं लेखी खुलासा मागितला. ताकीद मिळाली. नोकरी राहिली. आमच्याच लोकांनी सांगितलं, बाई, तुला चांगले दिवस आलेत, आता मढं उकरू नको. एका ठिकाणी माझं लग्न ठरत होतं, ते मोडलं. माय गेली ती सुमनची वाट बघतच.

माय गेल्यावर वर्षभरात ठाण्यावरून माणूस आला. छापील कागद होता. तपास करूनही सदर महिला मिळून येत नाही, ती मयत असावी, प्रकरण बंद करण्यास नातेवाइकांची हरकत नाही. नातेवाईक म्हणजे एकटी मी. फक्त सही पाहिजे, तो म्हणाला, लई जुनं प्रकरण हाय.

मी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग ‘हरकत नाही’ मधल्या ‘नाही’ वर काट मारली, वर ‘आहे’ लिहिलं आणि सही केली.

आता मी निवृत्त झाले. तसला कागद अजून दोनदा आला. दोन्ही वेळा मी तेच केलं. मुकादम मेला तेव्हा लोकांनी विचारलं, आता तरी सोडशील का. का सोडू? मेला म्हणून त्यानं सांगितलं का, अक्काला कुठं नेलं? मला मिळून येत नाही हे उत्तर नको. तिला कुणी नेलं, कुठं नेलं, तिचं काय केलं, आणि ज्यानं माझ्या मायच्या अंगठ्याखाली खोटं लिहिलं त्याचं नाव काय, हे सरकारच्या कागदावर सरकारच्या सहीनं पाहिजे. तोवर माझी हरकत आहे. हौसाबाईची नात वकील आहे, मी नसेन तेव्हासाठी कागद तिच्याकडं दिलेत. तिचीही हरकत राहील.